कूळ, कृषीवल, प्रकल्पग्रस्त : एका किनारी जिल्ह्यातील वृत्तपत्र आणि त्याचा वाचक

१

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास बहुधा संपादकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८३२ मधील ‘दर्पण’पासून सुरू होणारी परंपरा बाळशास्त्री जांभेकर, भाऊ महाजन, टिळक, आगरकर अशा नामावळीतून पुढे सरकते, तिच्यात अग्रलेख असतात, खटले असतात, तुरुंगवास असतो. वाचक मात्र या कथनात वर्गणीदार म्हणून तेवढा येतो. तो कोण होता, छापील मजकुरापाशी कसा पोचला, वृत्तपत्राने त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे प्रश्न गौण मानले गेले. मुंबई-पुण्याच्या पत्रांपुरते हे काही अंशी क्षम्य होते, कारण तेथील वाचक हा शिक्षणव्यवस्थेने आधीच घडवलेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणाऱ्या पत्राच्या बाबतीत ही सवलत घेता येत नाही. तेथे वाचक आधीपासून उपलब्ध नसतो. तो कोणत्या तरी संघर्षातून पुढे यावा लागतो.

वाचककेंद्री समीक्षेने संहितेत अध्याहृत असलेल्या वाचकाची कल्पना मांडली. वोल्फगांग इझर यांच्या विवेचनातील हा वाचक संहितेतील रिकाम्या जागा भरतो, अर्थ पूर्ण करतो. परंतु तो ग्रंथासमवेत एकटा असतो आणि त्याला वाचता येते हे गृहीत असते. वृत्तपत्र ही संहिता दोन्ही गृहीतांना छेद देऊ शकते. कुलाबा, म्हणजे १ जानेवारी १९८१ पासूनचा रायगड, या जिल्ह्यातील ‘कृषीवल’ या पत्राचा इतिहास त्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १९३७ साली नारायण नागू पाटील यांनी ते साप्ताहिक म्हणून सुरू केले. पुढे त्याचे दैनिक झाले आणि अलिबागहून निघणारे हे दैनिक पेण, रोहा, मुरूड, उरण, पनवेल या तालुक्यांच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनले. या पत्राने आपल्या वाचकाला दिलेले नाव आणि त्या वाचकाला इतरांनी दिलेली नावे यांच्यामधील ताण हा या प्रदेशाच्या वाङ्मयीन व सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा आहे.

२

पेण आणि रोहा ही किनारपट्टीवरील गावे म्हटली जातात. परंतु दोन्ही ठिकाणी क्षितिजावर समुद्र दिसत नाही. तो खाडीवाटे आत येतो. पेणच्या बाजूस भोगावती, अंबा आणि धरमतरची खाडी, रोह्याच्या बाजूस कुंडलिका. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवर समुद्राची सत्ता, अशी या मुलखाची रचना आहे. अलिबाग व पेण तालुक्यांतील खारेपाट नावाने ओळखला जाणारा पट्टा तर समुद्राकडून बांध घालून मिळवलेल्या जमिनीचाच आहे. मातीचे बांध, पाणी सोडण्या-अडवण्यासाठी उघाड्या, आत भातशेती, लगत मिठागरे, तळ्यांतून जिताडा. बांध बांधणाऱ्याच्या आणि राखणाऱ्याच्या हक्कांवरून येथे शिलोत्रीसारखी स्वतंत्र जमीनधाऱ्याची पद्धतही रूढ झाली होती.

या भूगोलाचा वृत्तपत्राशी संबंध आहे. खारेपाटात शेत ज्याचे त्याचे असले, तरी बांध साऱ्या गावाचा असतो. भरतीच्या रात्री बांधाला एके ठिकाणी खांड गेली की खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते आणि जमीन पुढे काही वर्षे पीक देत नाही. अशा गावात बातमी ही कुतूहलाची वस्तू होऊ शकत नाही. ती वेळेवर कळणे हा जगण्याचा भाग असतो आणि कळल्यानंतर सर्वांनी धावून जाणे हेही ओघानेच येते. येथे ‘कळणे’ आणि ‘करणे’ यांत फारसे अंतर नाही. छापील वृत्तपत्र येण्यापूर्वी या प्रदेशात बातमीची अशी एक बोलकी व्यवस्था होती आणि पुढे आलेल्या वृत्तपत्राला तिच्याशी जुळवून घ्यावे लागले.

छापील बातमी बाहेरून येई. मुंबई बंदराच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात असली तरी पाण्याने तोडलेली होती. पेणचे अंतोरा, खाडीवरचे धरमतर, अलिबागेजवळचे रेवस या बंदरांतून माल आणि माणसे जात-येत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की हा मार्गही आटे. मुंबईची पत्रे या वाटेने तालुक्याच्या गावी पोचत आणि तेथील खोत, सावकार, वकील, शिक्षक, कचेरीतील कारकून यांच्यापर्यंत येऊन थांबत. पेणहून निघणाऱ्या ‘कुलाबा समाचार’सारख्या स्थानिक पत्राचा वाचकही मुख्यतः याच वर्गातला असणे स्वाभाविक होते. १९३१ च्या जनगणनेत साऱ्या देशात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. खारेपाटातील कुळांच्या घरी अक्षर पोचले होते ते निराळ्या रूपाने.

ते रूप म्हणजे कबुलायत. खोताची जमीन कसणाऱ्या कुळाकडून मुदतीची कबुलायत लिहून घेतली जाई. खंड किती मण, तो केव्हा आणि कोठे नेऊन घालायचा, बांधावरचे झाड कोणाचे, हे सारे तीत असे. ज्याला तो कागद वाचता येत नसे तो त्यावर अंगठा उठवी. म्हणजे कुळाच्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची लेखी संहिता ही त्याच्या नावाने, परंतु त्याच्याविरुद्ध लिहिलेली होती. लेखन हे प्रतिपक्षाचे माध्यम आहे, हा अनुभव कुलाब्यातील शेतकऱ्याने पुस्तकातून शिकण्याचे कारण नव्हते.

३

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी शेतकऱ्यांची सभा झाली आणि पोयनाड परिसरातील गावांनी खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असे ठरवले. हा संप १९३९ पर्यंत चालला. कारखान्यातील संपात कामगार वेतन सोडतो. शेतकऱ्याच्या संपात तो वर्षाचे अन्नच सोडतो. संपकरी कुटुंबांनी खाडीतील मासळी, जंगलातील लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर दिवस काढले. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. याच जिल्ह्यातील महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले होते. पाण्याच्या हक्काचा लढा आणि जमिनीच्या हक्काचा लढा यांची सांधेजोड कुलाब्याच्या भूमीवर अशी झाली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला.

‘कृषीवल’ या दोन घटनांच्या काळातले आहे. प्रांतिक स्वायत्ततेखालील निवडणुका १९३७ च्या आरंभी झाल्या होत्या आणि शेतकऱ्यांचा प्रश्न प्रथमच कायदेमंडळाच्या भाषेत मांडला जाऊ लागला होता. तथापि कालक्रमातील एक गोष्ट येथे निर्णायक ठरते. सभा आधी झाली, संप आधी झाला आणि वृत्तपत्र चार वर्षांनी आले.

बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या सुप्रसिद्ध सिद्धान्तानुसार, एकमेकांना न भेटलेली माणसे एकच वृत्तपत्र एकाच सकाळी वाचतात आणि त्यातून समूहाची कल्पना आकाराला येते. चरीच्या परिसरात क्रम उलटा दिसतो. तेथील माणसे एकमेकांना ओळखत होती, एकाच बांधाआड राहत होती, एकत्र उपाशी राहिली होती. समूह छपाईतून जन्माला आला नाही. समूहाला छपाईची गरज भासली. ही गरज कशाची होती? संप टिकवण्यासाठी तोंडी निरोप पुरेसे ठरले होते. उणीव होती ती मामलेदाराच्या कचेरीत, न्यायालयात, विधिमंडळात, म्हणजे जेथे लेखी असेल तेच खरे मानले जाते अशा ठिकाणी. कबुलायतीला उत्तर देणारा कागद हवा होता. लेनिन यांनी १९०१ साली वृत्तपत्राला सामूहिक संघटक म्हटले होते; कुलाब्यात संघटना आधीच उभी होती, तिला हवी होती ती साक्ष.

४

या साक्षीला ‘कृषीवल’ हे नाव मिळाले, याकडे समीक्षेचे लक्ष गेलेले नाही. ‘शेतकरी’ हा सर्वपरिचित शब्द हाताशी असताना ‘कृषीवल’ हा संस्कृत तत्सम शब्द निवडला गेला. व्याकरणदृष्ट्या ‘कृषि’ला पाणिनीने सांगितलेला ‘वलच्’ हा मत्वर्थीय प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. अर्थ, ज्याच्यापाशी कृषी आहे तो. निरक्षर कुळांसाठी काढलेल्या पत्राला पंडिती शब्द का, असा आक्षेप सहज घेता येईल. देशीवादी दृष्टीला तर त्यात अभिजनांच्या भाषेपुढील शरणागतीही दिसू शकेल.

परंतु कुलाब्यात कसणाऱ्याचे प्रचलित नाव ‘शेतकरी’ नव्हते. ते ‘कूळ’ होते. मराठीत ‘कूळ’ म्हणजे वंश, घराणे. आणि ‘कूळ’ म्हणजे सारा वा खंड भरणारी रयत, सावकाराचा ऋणकोही. दुसऱ्या अर्थाने हा शब्द नेहमी कोणाचे तरी कूळ असा षष्ठीतच वावरतो. खोतावाचून कुळाला व्याकरणातही अस्तित्व नाही. ‘कृषीवल’ या शब्दात ही षष्ठी नाहीशी होते. तो कोणाचा कृषीवल नसतो. त्याचे नाव त्याच्या कामावरून पडते, देण्यावरून नव्हे. नावाची भाषा जुनी आणि प्रतिष्ठित असणे हीही येथे उपयोगाची गोष्ट ठरली असावी, कारण ज्या भाषेच्या जोरावर इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रतिष्ठा मिळवली तिच्याच भांडारातून हा शब्द उचलला होता. शिवाय आगरी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. ‘कूळ’ तेथे ‘कूल’ होते, ‘पेण’ ‘पेन’ होते. ‘कृषीवल’मध्ये असा एकही वर्ण नाही की ज्यावरून शहरी कान बोलणाऱ्याला हसेल. हा योगायोग असू शकेल, पण उच्चारावरून माणूस जोखला जाणाऱ्या समाजात तो निरर्थक नाही.

हे नाव समकालीन बहुजन पत्रांच्या नावांशेजारी ठेवले की त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ (१८७७) आणि मुकुंदराव पाटलांचे तरवडीहून निघणारे ‘दीनमित्र’ (१९१०) या नावांत वाचक ‘दीन’ आहे आणि पत्र त्याचा बंधू वा मित्र आहे. संबंध करुणेचा आहे. बोलणारा आणि ज्याच्यासाठी बोलले जाते तो, यांत अंतर आहे. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या आंबेडकरांच्या नावांत वाचकाची ओळख त्याच्यावर झालेल्या अन्यायावरून दिली जाते. नाव हेच आरोपपत्र होते. ‘जनता’त (१९३०) ही ओळख व्यापक होते. ‘कृषीवल’ या नावात करुणा नाही आणि आरोपही नाही. आहे तो श्रमाचा दावा. ‘दीन’ हे विशेषण, ‘बहिष्कृत’ हे कर्मणी धातुसाधित आणि ‘कृषीवल’ हे धारकवाचक नाम. मराठी वृत्तपत्रांच्या नामकरणात वाचकाचे व्याकरण असे बदलत गेले आहे.

या नावाची मर्यादाही त्याच्या अर्थातच आहे. ज्याच्यापाशी कृषी नाही तो या हाकेत बसत नाही. पेण आणि रोह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी आणि ठाकर, वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर राबणारी कुटुंबे, खाडीतील कोळी, मिठागरावरील मजूर, गावकुसाबाहेरचा भूमिहीन दलित ही माणसे त्याच जिल्ह्यात होती. चरीच्या लढ्यात आंबेडकर आले, तेव्हा कूळ आणि अस्पृश्य यांच्या समान हिताची शक्यता दिसली होती; पण पत्राच्या नावाने आपला वाचक कसणारा म्हणून निश्चित केला. कोणतेही संबोधन काहींना आत घेते आणि काहींना दाराशी ठेवते. जमिनीच्या लढ्यातून जन्मलेल्या या संबोधनाला जमीन नसलेल्यांची अडचण होणे अटळ होते.

५

वर उल्लेखिलेले साक्षरतेचे प्रमाण पाहता, अशा पत्राचे वाचन म्हणजे वाचून दाखवणे यावाचून गत्यंतर नव्हते. गावातील एखादा शिकलेला मुलगा, शाळामास्तर किंवा संघटनेचा कार्यकर्ता वाचतो आणि बाकीचे ऐकतात, हा ग्रामीण महाराष्ट्राला पोथीवाचनापासून परिचित असलेला प्रकार. पोथी ऐकताना श्रोता प्रश्न विचारीत नाही; वृत्तपत्र ऐकताना विचारतो. आपल्या गावाचे नाव आले की थांबवतो, ‘पुन्हा वाच’ म्हणतो, झालेली गोष्ट अशी नव्हती असेही सांगतो. एका प्रतीच्या मागे किती वाचक, हे मोजण्याची जाहिरातदारांची पद्धत येथे अपुरी पडते, कारण येथे प्रतीभोवती एक सभाच भरलेली असते.

या सभेत भाषेचे दुहेरी व्यवहार चालतात. मजकूर प्रमाण मराठीत आणि त्यावरची चर्चा आगरी, कोळी वा कुणबी बोलीत. छापलेले वाक्य ऐकणाऱ्यांच्या बोलीत उतरवले जाते आणि त्या उतरवण्यात त्याला भाष्य जोडले जाते. मराठी समीक्षेने मौखिकता आणि लेखन यांना बहुधा दोन काळांत विभागले. पहिली मागे पडली आणि दुसरे आले, अशी ती मांडणी आहे. खारेपाटाचा अनुभव सांगतो की लेखन मौखिकतेच्या मांडीवर बसूनच गावात आले. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापून पुढची थांबवली, पण फुले यांनी त्या ग्रंथातील मजकूर गावोगावी वाचून दाखवलाच होता. छपाई अडली तरी वाचन अडले नाही, ही परंपरा ‘कृषीवल’च्या पाठीशी होती.

६

१९३९ चा मुंबई कूळ कायदा, १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळाला मानीव खरेदीदार ठरवणारी तरतूद, या टप्प्यांनी कुलाब्यातील जमीनसंबंध बदलले. चरीच्या संपाला या कायद्यांचे पूर्वसूरी मानले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला यात एक विलक्षण उलटापालट दिसेल. ज्या ‘कूळ’ या शब्दातून सुटण्यासाठी ‘कृषीवल’ हे नाव घेतले गेले, तोच शब्द आता हक्काचा झाला. १९३९ च्या कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला संरक्षित कूळ मानले. सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागणे ही जमिनीच्या मालकीकडे जाणारी पायरी ठरली. ‘कूळ लागले’ हे वाक्य खोताच्या वारसांना धास्ती घालू लागले आणि कसणाऱ्याला दिलासा देऊ लागले. एकाच पिढीत एका शब्दाचे मूल्य असे फिरल्याची उदाहरणे मराठीत थोडी आहेत.

याच काळात पत्राचे स्थानही बदलले. १९४७ नंतर शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला आणि कुलाबा जिल्हा त्याचा बालेकिल्ला झाला. ‘कृषीवल’ या पक्षाच्या राजकारणाशी आणि संस्थापकांच्या घराण्याशी निगडित राहिले; नारायण नागू पाटील यांच्यानंतर प्रभाकर पाटील यांनी ती परंपरा पुढे नेली. पक्षाचे पत्र हे खऱ्या अर्थाने लोकांचे पत्र असू शकते काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. युर्गेन हाबरमास यांच्या १९६२ मधील मांडणीत सार्वजनिक विचारविनिमयाचे क्षेत्र हे माणसांनी आपले हितसंबंध बाजूला ठेवून विवेकाने बोलण्याचे क्षेत्र आहे. ज्याला बोलण्यापूर्वीच कबुलायतीवर अंगठा उठवावा लागतो त्याला हितसंबंध बाजूला ठेवून बोलण्याचे निमंत्रण देणे म्हणजे गप्प बसण्याचे निमंत्रण देणे होय. तो आपले हित घेऊनच सार्वजनिक क्षेत्रात येऊ शकतो. म्हणून त्याचे पत्र पक्षपातीच असणार.

परंतु हे समर्थन आरंभकाळासाठी जितके बळकट आहे तितके नंतरच्या काळासाठी राहत नाही. कसणारा मालक झाला, त्याचा पक्ष जिल्हा परिषदेत आणि सहकारी संस्थांत सत्तेवर आला, त्यानंतर सत्तेवरची टीका कोठे छापली जावी? जेव्हा संघटना, नेतृत्व आणि पत्र एकाच ठिकाणी एकवटतात, तेव्हा वाचकाला एक घर मिळते. पण घरात मोठ्यांपुढे बोलण्याच्या ज्या मर्यादा असतात त्याही मिळतात. जिल्हा दैनिकांच्या वाढत्या संख्येने आणि पुढे मोठ्या शहरी दैनिकांनी काढलेल्या जिल्हा आवृत्त्यांनी या मर्यादेवर एक बाजारी उपाय दिला. बातमी एका पत्रात आली नाही तर दुसऱ्यात येते. मात्र शहरी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वाचक ‘ग्राहक’ म्हणून संबोधला जातो. त्याला हाक मारणारे कोणतेही नाव त्या मथळ्यात नसते.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई खाडी ओलांडून जिल्ह्यात आली. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कुंडलिकेच्या पाण्याचा व मासळीचा प्रश्न निर्माण झाला. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली आणि पुढे कोकण रेल्वेचा आरंभ तेथूनच झाला. उरण-पनवेलमध्ये नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. या संघर्षांतून जिल्ह्याच्या भाषेत एक नवे नाव रुजले : प्रकल्पग्रस्त. ‘ग्रस्त’ म्हणजे ग्रासलेला. ज्याने श्रमाच्या नावाने स्वतःची ओळख दिली होती तो पुन्हा कर्मणी प्रयोगात आला.

याच १९८४ साली भूमिसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ४ खालील अधिसूचना राजपत्राखेरीज त्या भागात खप असलेल्या दोन दैनिकांत छापली पाहिजे आणि त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेतील असले पाहिजे, असे ठरले. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हरकत घ्यायची. वाङ्मयेतिहासात या कलमाचा उल्लेख कोठे आढळणार नाही. पण प्रादेशिक दैनिकाच्या वाचकाची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कोणत्याही संहितेने केलेली नाही. कायद्याने ठरवले की जे भाषेत छापले गेले ते कळले. दवंडी, चावडीवरचा कागद आणि दैनिक मिळून एक मानीव वाचक तयार होतो. त्याने पत्र उघडले की नाही, हा प्रश्न उरत नाही. मुदत मात्र चालू होते. १९३७ मध्ये पत्र वाचून दाखवावे लागत होते, कारण कळणे ही प्रत्यक्षात घडावयाची गोष्ट होती. अर्ध्या शतकानंतर तेच कळणे छपाईच्या तारखेत विरघळले.

शासकीय अधिसूचनेच्या शेजारी आणखी एक मजकूर जिल्हा दैनिकांत नित्य असतो : वकिलांनी दिलेली जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका पेण अथवा रोहा, येथील अमुक सर्व्हे नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत. कोणाचा वारसा, गहाण, दान, वहिवाट वा कूळहक्क असल्यास ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावे, अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल. त्याखाली चतुःसीमा : पूर्वेस अमुकाची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता. या गद्यप्रकाराकडे साहित्य म्हणून कोणी पाहिलेले नाही. ‘कळविण्यात येते’ या प्रयोगात कळवणारा लपलेला असतो, ‘तमाम लोकांस’ यात कळणारा विरलेला असतो आणि मौन म्हणजे संमती हे गृहीत शेवटच्या वाक्यात येते. कबुलायतीत कुळाचा अंगठा तरी लागत असे. येथे त्याचीही आवश्यकता उरली नाही. आणि ही नोटीस जेथे छापली जाते तो कागद जिल्हा दैनिकाचाच असतो. जमिनीच्या लढ्याची बातमी आणि जमीन हातची जाण्याची पूर्वसूचना यांना एकच पान पुरते.

हा विरोधाभास २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर टोकाला गेला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील पंचेचाळीस गावांची जमीन घेण्याचे ठरले. प्रा. एन. डी. पाटील आणि इतरांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्यातल्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने जनमत अजमावले. भूमिसंपादनाच्या इतिहासातील हा दुर्मीळ प्रसंग होता. छापले म्हणजे कळले आणि बोलला नाही म्हणजे मान्य केले, ही दोन्ही गृहीते त्या दिवसापुरती बाजूला ठेवून प्रत्येक खातेदाराला प्रत्यक्ष विचारण्यात आले. ठरलेल्या मुदतीत निवाडा न झाल्याने पुढे ते संपादन बारगळले.

या लढ्यात जिल्हा दैनिकांचे कार्य मोजताना केवळ त्यांच्या अग्रलेखांची भूमिका पाहणे अपुरे ठरेल. गावोगावच्या बैठकांत हरकतींचे अर्ज लिहिले जातात, अधिसूचनेचे कात्रण हातोहात फिरते, कोणीतरी ते वाचतो आणि इतर विचारतात, तेव्हा मानीव वाचकाचे पुन्हा खऱ्या वाचकात रूपांतर होते. कायद्याने जे कळणे गृहीत धरले होते ते सभेने घडवून आणले. त्या अर्थाने चरीची रीत संपलेली नव्हती.

८

‘कृषीवल’सारख्या पत्राचा इतिहास लिहिणे म्हणून केवळ स्थानिक अभिमानाचे काम नाही. मराठी गद्याचा एक मोठा भाग, म्हणजे कबुलायती, हरकतीचे अर्ज, अधिसूचना, जाहीर नोटिसा, ग्रामसभेच्या बातम्या, निधनवार्ता, हा जिल्हा पत्रांच्या पानांवर किंवा त्यांच्या कडेला घडला आहे. सामान्य माणसाने अक्षराशी झगडा केला तो याच गद्यात. कथा-कादंबरीतील ग्रामीण वास्तवाची चर्चा करणाऱ्या समीक्षेने या मजकुराला साधनसामग्रीचाही दर्जा दिला नाही. किनाऱ्यावरील दमट हवेत वृत्तपत्री कागद फार काळ टिकत नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारखे आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखे आघात जिल्ह्याने सोसले आहेत. तालुक्याच्या वाचनालयांत आणि घरांच्या माळ्यांवर जे अंक उरले असतील त्यांचे जतन ही इतिहासाची पूर्वअट आहे.

त्या अंकांकडे वळणाऱ्या अभ्यासकाने अग्रलेखाबरोबर आतल्या पानांवरील नोटिसाही वाचाव्यात. चतुःसीमांमध्ये ज्यांची नावे केवळ शेजारी म्हणून येतात, ज्यांच्या वहिवाटीला हरकत घेण्यासाठी मुदत दिलेली असते, ते या पत्राचे आद्य वाचक होते. कूळ, कृषीवल, खातेदार, प्रकल्पग्रस्त ही त्यांची नावे एकामागून एक बदलत गेली. त्यांपैकी ज्या नावात दुसऱ्या कोणाची षष्ठी नव्हती ते त्यांना एका वृत्तपत्राच्या मथळ्यावर मिळाले होते.